एका शब्दासाठी ३८ वर्षे

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, इतिहासावर तुम्ही काहीतरी लिहून द्याच, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. सारा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेला, तेव्हा नाही म्हणण्याची सोय नव्हती. शिवकाल, पेशवाई, स्वातंत्र्याचा लढा यांवर आपल्या स्मरणिकांत अनेक भगिनींनी सुरेख लेख लिहिले आहेत. मी मात्र आज तुम्हांला जरा लांब, फ्रान्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर नेणार आहे. इतक्या लांब कशाला, असे वाटेल. पण या लेखाचे मूळ तिकडे नाही. ते आपल्याच मंडळाच्या हॉलमध्ये, संक्रांतीच्या हळदीकुंकवात आहे.

त्या संध्याकाळी आपल्या गल्लीत नव्याने बिऱ्हाड केलेली एक मुलगी आली होती. तिचा धर्म आपल्याहून निराळा. शेजारणीने आग्रहाने बोलावले म्हणून आली, आणि रिकाम्या हाताने कसे यायचे म्हणून डबाभर खोबऱ्याच्या वड्याही करून घेऊन आली. कुंकवाची कुयरी पुढे गेली तेव्हा तिने हात जोडले आणि म्हणाली, "आमच्यात लावत नाहीत हो. पण तिळगूळ घेईन." मागून कोणीतरी पुटपुटले, "मग आलीच कशाला?" आवाज हळू होता, पण तिला ऐकू गेला. मलाही गेला. मी तिळगूळ वाटत होते. तशीच वाटत राहिले.

पुढे तिला सभासद करून घ्यावे की नाही, हा विषय कार्यकारिणीत निघाला. एक भगिनी म्हणाल्या, "आपण येऊ देतो ना तिला? आणखी काय हवे?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी जाणते. पण त्या प्रश्नाला उत्तर होते आणि ते मला ठाऊक होते. तरी मी गप्प बसले. विषय पुढल्या सभेवर गेला. त्या दिवशी जे तोंडाने बोलले नाही, ते आज लिहून काढते आहे.

शाळेत असताना युरोपच्या इतिहासात दोन सनावळ्या मी मुलींकडून घोकून घेत असे. '१५९८, नान्टचा जाहीरनामा. १६८५, तो रद्द.' दोन गुणांची टीप. मुली लिहीत, मी बरोबरची खूण करी, आणि पुढचा धडा सुरू होई. त्या दोन सनांच्या मागे किती चुली विझल्या, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करायला लावला एका दगडाने.

काही वर्षांपूर्वी माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त फ्रान्समधील मोंपेलिए शहरात होता. महिनाभर मी त्याच्याकडे राहिले. एका रविवारी तो मला एग-मॉर्त नावाच्या गावी घेऊन गेला. सभोवार मिठागरे, खारी हवा, मधे तटबंदीचे जुने गाव. या नावाचा अर्थच 'मेलेले पाणी' असा आहे. तटाच्या एका कोपऱ्यात मोठा थोरला गोल मनोरा उभा आहे. तेराव्या शतकात नववा लुई या राजाने तो बांधला. १२४८ साली याच बंदरातून तो धर्मयुद्धासाठी जहाजात बसला. भिंती सुमारे २० फूट जाड. आत एकावर एक अशी दोन गोल दालने, आणि मधल्या जमिनीला विहिरीच्या तोंडासारखे एक भोक. त्या भोकाच्या दगडी कठड्यावर कोणीतरी एक शब्द कोरला आहे. अक्षरे वेडीवाकडी, गावठी उच्चाराप्रमाणे लिहिलेली. मुलाने अर्थ सांगितला: "झुकू नका." तो मारी द्युराँ नावाच्या बाईने कोरला, असे परंपरेने मानतात. ती या मनोऱ्यात १९ व्या वर्षी आली आणि ५६ व्या वर्षी बाहेर पडली.

आता थोडा मागचा इतिहास सांगितला पाहिजे. सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्माचे दोन पंथ पडले, जुने कॅथलिक आणि नवे प्रॉटेस्टंट. देव एक, येशू एक, बायबल एक. पण उपासनेच्या रीतीवरून आणि पोपच्या अधिकारावरून भांडण पेटले. फ्रान्समध्ये यादवी माजली. १५७२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस शहरात हजारो प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. शेवटी चौथ्या हेन्री राजाने १५९८ साली नान्ट येथे जाहीरनामा काढला, की राज्याचा धर्म कॅथलिक राहील, पण प्रॉटेस्टंटांना ठरावीक ठिकाणी उपासना करता येईल आणि नोकऱ्याही मिळतील. त्या काळाच्या मानाने ही मोठीच गोष्ट होती.

पण राजाने दिलेले दान पुढचा राजा परत घेऊ शकतो. हेन्रीचा नातू चौदावा लुई याला 'एक राजा, एक कायदा, एक धर्म' हवा होता. त्याने आधी शिपाई पाठवले. १६८१ पासून प्रॉटेस्टंटांच्या घरांत घोडेस्वार शिपायांचे मुक्काम पडू लागले. घरधनी धर्म बदलीपर्यंत त्यांनी तेथेच राहायचे, खायचे, प्यायचे, नासधूस करायची. भगिनींनो, आपल्या स्वयंपाकघरात असे परके शिपाई ठाण मांडून बसले आहेत, अशी क्षणभर कल्पना करा. त्या घरांतील बायकांनी काय सोसले असेल, हे मी सांगायला नको. मग १६८५ च्या ऑक्टोबरात जाहीरनामाच रद्द झाला. देवळे पाडली, शाळा बंद केल्या. सुमारे दोन लाख माणसे चोरवाटांनी हॉलंड, इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनीकडे निघून गेली. कुशल विणकर गेले, घड्याळजी गेले. बाकीच्यांना देश सोडण्याचीही बंदी होती.

पुढे सरकारने एक मोठी शक्कल काढली. देशात प्रॉटेस्टंट मुळी उरलेच नाहीत, सगळे 'नवे कॅथलिक' झाले, असे कायद्याने धरून चालायचे ठरले. त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी त्या काळी कॅथलिक पाद्र्याच्या वहीत होत. मूल जन्मले की २४ तासांत त्याला पाद्र्याकडे न्यायचे. तेथे गेले नाही, तर ते मूल कायद्याच्या लेखी कोणाचेच नाही. लग्न पाद्र्यासमोर झाले नाही, तर ती बायको म्हणजे ठेवलेली बाई, आणि तिची मुले वारसाहक्काला मुकलेली. माणूस मेला, तर त्याला पुरायला जागा नाही. धर्माचा जुलूम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी आणि आगी येतात. पण तो खरा घरात शिरतो तो बारशाच्या पाळण्यापाशी, लग्नाच्या बोहल्यापाशी आणि मयताच्या उशापाशी. आणि या तिन्ही ठिकाणी आपण बायकाच उभ्या असतो.

तरीही लोक रानात, डोंगरांच्या कपारीत रात्री जमून प्रार्थना करीत. १७२४ साली पंधराव्या लुईच्या नावाने जबर कायदा आला. अशा सभेत सापडलेल्या पुरुषाला जन्मभर वल्ह्यांच्या गलबतावर जुंपायचे, बाईला डोके भादरून जन्मठेप, आणि धर्मोपदेशकाला फाशी.

मारी द्युराँचा जन्म १७११ सालचा, डोंगराळ मुलखातील एका खेड्यात. बाप एतिएन हा गावचा लेखनिक. भाऊ पिएर हा रानातील सभांचा धर्मोपदेशक. तो हाती लागेना म्हणून सरकारने १७२९ साली म्हाताऱ्या बापाला धरून समुद्रातील ब्रेस्कू नावाच्या बेटकिल्ल्यात टाकले. पुढल्या वर्षी मारीचे मात्यू सेर याच्याशी लग्न झाले. लवकरच नवरा-बायको दोघांनाही पकडले. नवऱ्याला बापाच्याच किल्ल्यात नेले आणि मारीला या मनोऱ्यात. तिचा अपराध काय? भावाची बहीण होणे. भाऊ पुढे सापडलाच. १७३२ च्या एप्रिलमध्ये मोंपेलिएला त्याला फाशी दिले. बाप १७४३ साली सुटला, नवरा १७५० साली. मारीचा संसार पुन्हा काही उभा राहिला नाही.

मनोऱ्यात तिच्यासारख्या वीस-पंचवीस बायका असत. समुद्राची ओल, हिवाळ्याची थंडी, भिंतींतील फटींतून येईल तेवढा उजेड. इझाबो मने नावाच्या एका बाईचा नवरा गलबतावर पाठवला गेला होता. तिला मूल झाले ते या मनोऱ्यातच. पुढे ते मूल तिच्यापासून दूर केले, आणि तिच्या मनावर परिणाम झाला. अशा बायांना मारीने लिहायला-वाचायला येत असल्याचा आधार दिला. तिची सुमारे ५० पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत सरपण मागितले आहे, कापड मागितले आहे, आलेल्या मदतीची पोच दिली आहे, आजारी बायकांची विचारपूस आहे. कोण बाई किती वर्षांपासून कोंडलेली आहे, याच्या याद्या करून ती धर्मोपदेशक पॉल राबो याच्याकडे, परदेशांतील मंडळींकडे आणि अधिकाऱ्यांकडे पाठवीत असे. आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी ही पत्रे वाचली, तर त्यांना ती अगदी ओळखीची वाटतील!

आणि आता मुख्य गोष्ट. या मनोऱ्याचे कुलूप आतून उघडण्यासारखे होते. 'मी माझा पंथ सोडते' एवढे म्हटले की सुटका. काही बायकांनी ते म्हटले. त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? मारीने मात्र ते जवळजवळ ३८ वर्षे म्हटले नाही. तिथे उभी असताना माझ्या मनात आले, एवढे एक वाक्य! म्हणून टाकायचे आणि मनात आपला देव धरून घरी जायचे. पण मग ध्यानात आले, की सरकारलाही ते एकच वाक्य हवे होते. तिचे मन जिंकायची त्यांना गरज वाटली नाही. तिने आपल्या तोंडाने आपल्या मनाविरुद्ध बोलावे, एवढीच इच्छा. माणसाला मोडण्याचा याहून सोपा उपाय नाही, आणि तेवढ्यासाठीच तिने तो दगड कोरला असावा.

या कथेत केवळ दुष्ट कॅथलिक आणि सज्जन प्रॉटेस्टंट आहेत, असे मात्र समजू नका. १५५३ साली प्रॉटेस्टंटांच्याच जिनिव्हा शहरात मायकेल सर्व्हेटस या विद्वानाला त्याच्या मतांसाठी जिवंत जाळले. इंग्लंडात आणि आयर्लंडात कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळायला १८२९ साल उजाडावे लागले. ज्यांच्या हाती सत्ता, त्यांच्या हाती किल्ली, असाच सगळीकडे प्रकार होता. आणि मारीची सुटका ज्यांच्यामुळे झाली, ती माणसे तिच्या पंथाची नव्हती.

१७६२ च्या मार्चमध्ये तुलूझ शहरात झाँ कालास या प्रॉटेस्टंट कापडव्यापाऱ्याला हाल हाल करून मारले. त्याचा मुलगा घरात मेलेला आढळला होता. तो कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच मारला, अशी गावात आवई उठली, आणि न्यायाधीशांनी आवईलाच पुरावा मानले. कालासच्या विधवेने पॅरिस गाठले. व्हॉल्टेअरसारख्या नामांकित लेखकाने तिची बाजू उचलली आणि १७६३ साली सहिष्णुतेवर ग्रंथ लिहिला. १७६५ साली कालास निर्दोष ठरला, पण मेल्यानंतर तीन वर्षांनी. लोकांची मने मात्र हलली. दक्षिणेकडे प्रिन्स द बोवो हा नवा सरदार अधिकारी म्हणून आला. तो मनोरा पाहायला गेला, तेव्हा त्या बायका त्याच्या पाया पडल्या. काही थोड्यांनाच सोडण्याची त्याला परवानगी होती. त्याने सगळ्यांसाठी हट्ट धरला. मंत्र्याने धमकावले, तेव्हा त्याने कळवले, की राजेसाहेब माझा अधिकार काढून घेऊ शकतात, पण तो हाती असेपर्यंत मी माझ्या सदसद्विवेकाप्रमाणे वागणार. १७६८ च्या एप्रिलमध्ये मारी बाहेर आली आणि त्या वर्षाच्या अखेरीस मनोरा रिकामा झाला. ती आपल्या खेड्यातील मोडक्या घरी परतली. हॉलंडमधील मंडळींनी तिला थोडे वर्षासन बांधून दिले. १७७६ साली ती वारली.

तिच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी, १७८७ साली, सोळाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद करण्याचा हक्क दिला. केवढी मोठी लढाई, आणि जिंकले काय, तर वहीतील एक ओळ! पण त्या ओळीने बायका लग्नाच्या बायका झाल्या आणि मुले बापाची झाली. उघड उपासनेची परवानगी मात्र तेव्हाही नव्हती. त्यांना फक्त चालवून घेतले होते.

आता मी माझ्या उत्तराजवळ येते. दोन वर्षांनी राज्यक्रांती झाली. २३ ऑगस्ट १७८९ रोजी राष्ट्रसभेत राबो सँतेत्येन नावाचा सभासद बोलायला उठला. मारी ज्याला याद्या पाठवीत असे, त्या पॉल राबोचा हा मुलगा. जन्म लपतछपत गेलेला. तो म्हणाला, की आम्हांला सहिष्णुता नको, स्वातंत्र्य हवे. सहिष्णुता या शब्दात 'तुम्ही चुकलेले आहात, पण आम्ही मोठ्या मनाने क्षमा करतो' असा भाव आहे; आम्ही क्षमा मागत नाही, बरोबरीचा हक्क मागतो. आणि हा हक्क त्याने आपल्या पंथापुरता मागितला नाही, ज्यू लोकांसाठीही मागितला. त्या वर्षीच्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या दहाव्या कलमात धर्ममतांबद्दल कोणाला त्रास होऊ नये, असे आले. मार्च १७९० मध्ये हाच राबो राष्ट्रसभेचा अध्यक्ष झाला. पण इतिहास सरळ चालत नाही. १७९३ साली त्याच क्रांतीने कॅथलिक देवळांना कुलपे घातली, पाद्र्यांना छळले, आणि राबोलाही गिलोटिनवर चढवले. हक्क मिळाला म्हणून तो आपोआप टिकत नाही, हे तेव्हाही दिसले.

त्याच पॅरिस शहरात १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या १८ व्या कलमात प्रत्येकाला विचाराचे, सदसद्विवेकाचे आणि धर्माचे स्वातंत्र्य आहे, धर्म बदलण्याचेसुद्धा. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या कामात भारताच्या वतीने हंसाबेन मेहता होत्या. मुंबईतून घटनासमितीवर गेलेल्या आणि १९४७ च्या १४ ऑगस्टच्या मध्यरात्री देशातील स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण करणाऱ्या त्याच. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघण्यासारखा शब्द होता. हंसाबेनच्या आग्रहाने तेथे 'सर्व माणसे' असे झाले. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने हेच स्वातंत्र्य आपणा सर्वांना दिले. त्याच कलमाने हिंदू देवळांची दारे सर्व जातींना उघडण्याचीही सोय केली; कारण दाराबाहेर उभे करण्याची विद्या आपल्यालाही चांगली येत होती. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, हे आपण कसे विसरू?

संयुक्त राष्ट्रांनी धार्मिक असहिष्णुतेविरुद्ध खास घोषणापत्र करण्याचे १९६२ साली ठरवले. ते मंजूर व्हायला १९८१ चा नोव्हेंबर उजाडला. एकोणीस वर्षे शब्दांवर चर्चा झाली. आजही जगात असे देश आहेत, जेथे पंथ बदलला म्हणून तुरुंग आहे आणि प्रार्थनेला जमले म्हणून मार आहे. एग-मॉर्तचा मनोरा आता प्रवाशांना पाहायला खुला आहे; तसले मनोरे अजून सगळीकडे खुले झालेले नाहीत.

भगिनींनो, आपले मंडळ म्हणजे काही मनोरा नव्हे, आणि कुंकू पुढे करणे हा काही जुलूम नव्हे. माझी आई कुंकू लावताना ज्या मायेने हनुवटी धरी, ती माया मला आजही आठवते. पण 'येऊ देतो ना, आणखी काय हवे?' या प्रश्नाचे उत्तर राबोने दिलेले आहे. येऊ देणे ही आपली कृपा झाली. ती या गल्लीत राहते, ती बाई आहे, वर्गणी भरायला तयार आहे. तेव्हा येणे हा तिचा हक्क आहे. तिने कपाळ पुढे केले तर कुंकू लावावे, हात पुढे केला तर तिळगूळ द्यावा, आणि दोन्हींत काही कमी-जास्त मानू नये. आपल्या सभासदनोंदीच्या वहीत तिच्या नावाची एक ओळ पडावी, एवढेच मागणे आहे. एका ओळीची किंमत काय असते, हे आपण आताच पाहिले.

पुढल्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन कोण देणार, ते तुम्ही ठरवा. त्या दिवशीच्या खोबऱ्याच्या वड्या मात्र डबा न उघडता तशाच परत गेल्या, ही चुटपुट मला अजून आहे. तिला मी आधीच सांगून ठेवले आहे, की येत्या संक्रांतीला त्या पुन्हा करून आण, आणि ताटात मी स्वतः मांडीन.